शिंगरूला शिंग का नसतं? (आणि एकशिंगी घोडा खरंच कधी होता का?)

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो होतो. सोबत भावाची मुलगी, इयत्ता दुसरी. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं, पेढे झाले, मग घोडेबाजार. भाऊ एका मारवाडी घोड्यापाशी जो अडकला तो अडकलाच (त्या घोड्याचे कान आत वळून टोकं एकमेकांना भिडलेली, भाऊ ते बघत बसलेला), म्हणून मी पोरीला घेऊन पुढे सरकले. एका घोडीच्या पोटाशी तिचं पिल्लू उभं होतं. पंधरवड्याचंही नसेल, लांब पायांवर तोल सावरत. मी आपलं ज्ञान पाजळलं, "बघ, गाईचं वासरू, शेळीचं करडू, तसं घोड्याचं शिंगरू."

पोरीने त्याच्या कपाळावरचा केसांचा भोवरा बोट फिरवून नीट तपासला. मग म्हणाली, "आत्या, याचं शिंग पडलं का अजून यायचंय?"

घोडीवाले काका हसून हसून बेजार. पण पोरीचंही काही चुकलं नाही. दप्तरावर युनिकॉर्न, पाण्याच्या बाटलीवर युनिकॉर्न, वाढदिवसाच्या केकवर युनिकॉर्न, आणि वरून आपण पिल्लाला म्हणायचं शिंगरू!

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. कपाळावर एकच शिंग असलेला घोड्यासारखा प्राणी, ही कल्पना माणसाने हवेतून काढली, की मुळाशी खरं जनावर होतं? माझं मत: काहीतरी पाहिलेलं असणारच. जाणकारांनी लिहावं.

भरीतभाकरी

पहिला! शिंगं मोडून वासरांत शिरलेले इथे पुष्कळ आहेत (मी धरून). शिंग लावून घोड्यांत कोण शिरलं ते बघायला बसलोय. शेव-मुरमुऱ्याची ताटली जवळ ठेवलेली आहे.

शहाद्याचा घोडेवाला

काय भो, घोडाले शिंग फुटनं का आते?

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या घोडे आहेत. आमना आबा सांगे, घोडा आधी भोवऱ्यावरून बघायचा, मग दातावरून, पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी. कुठला भोवरा कुठे आहे यावर लोक अजून हजारोंचा फरक करतात. गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असला की मालक किंमत सोडत नाही. पांढरा नुकरा, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याण, अबलख, कुमैत, सगळे हातातून गेले. कपाळावर गाठ असलेला घोडा एकदा पाहिला, ती लाथेची सूज निघाली.

मात्र जत्रेत पैसे घेऊन शिंगवाला घोडा दाखवणारा कोणी भेटला तर शिंगाच्या बुडाशी हात लावून बघा. लावू देणार नाही. बठ्ठं खोटं शे.

अमळनेरकर सध्या पुणे

आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर असल्यामुळे मला या धाग्यावर बोलण्याचा जन्मसिद्ध अधिकार आहे असं समजतो.

जी वस्तू असूच शकत नाही तिला न्यायशास्त्रात ठरलेली उदाहरणं आहेत: वंध्यापुत्र, आकाशपुष्प आणि शशशृंग. शशशृंग म्हणजे सशाचं शिंग. 'ससा' आपण पाहिलेला असतो, 'शिंग' पाहिलेलं असतं, दोन्ही खरी. जोड तेवढी खोटी. तेव्हा गिरणाकाठताई, "काहीतरी पाहिलेलं असणारच" यावरून प्राणी खरा ठरत नाही, सुटे भाग तेवढे खरे ठरतात. घोडा खरा, शिंग खरं, एवढ्यावर थांबा.

आपल्याकडे एकशिंगींची वाण नाही. हरिणीच्या पोटी जन्मलेले ऋष्यशृंग ऋषी आहेत, बौद्ध कथांत तेच एकशृंग होतात. मनूची नाव ओढणारा मत्स्य आहे, त्याच्या शिंगालाच दोर बांधला होता. माशाला शिंग! पण म्हणून तापीत शिंगाचा मासा शोधायला कोणी जाळं टाकत नाही.

ढोरडॉक्टर

अमळनेरकर, तुमच्या शशशृंगाला छोटा धक्का. अमेरिकेतल्या रानसशांना एका विषाणूमुळे तोंडावर, डोक्यावर काळी, टणक, थेट शिंगासारखी वाढ होते. रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये हे विषाणूचं काम आहे असं दाखवलं. शिंगवाल्या सशांची युरोपातली जुनी चित्रं हसण्यावारी नेली जायची, त्यांच्यामागे असेच आजारी ससे असावेत असं आता मानतात.

बाकी सविस्तर रात्री. एका म्हशीचं अडलंय, निघालो.

अमळनेरकर सध्या पुणे

दोन हजार वर्षांच्या न्यायशास्त्राला पशुवैद्याने एका परिच्छेदात आडवं केलं. आता आकाशपुष्पाला हात लावू नका म्हणजे मिळवली.

शंकासुर

एवढा घोळ कशाला? सिंधू संस्कृतीच्या मुद्रा बघा. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्राणी कुठला? एकशिंगी! अर्ध्याहून जास्त मुद्रांवर तोच आहे. हत्ती खरा, वाघ खरा, वशिंडाचा बैल खरा, आणि नेमका हाच कल्पनेतला? असा प्राणी आपल्या भूमीवर होता आणि नंतर नष्ट झाला. युरोपवाल्यांनी आपल्याकडूनच उचलला. पण आपलं ते सगळं थोतांड म्हणायची फॅशन आहे.

जुनी वीट

शंकासुर, मुद्रांकडे नंतर येते. "इथून उचलला" हे मात्र अर्धं खरं आहे, आणि तो अर्धा भाग भारी आहे.

युरोपच्या एकशिंगीचा सगळ्यात जुना लेखी माग लागतो तो क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्यापाशी. हा इराणच्या दरबारात, आर्टाझर्क्सिस दुसरा याच्या पदरी होता. साधारण इ. स. पू. ४०० च्या सुमारास त्याने भारतावर पुस्तक लिहिलं. भारतात पाऊल न टाकता. दरबारात येणारे व्यापारी, वकील, प्रवासी यांच्या तोंडून ऐकायचं आणि लिहायचं. तो म्हणतो, भारतात रानगाढवं आहेत, घोड्याएवढी किंवा मोठी. अंग पांढरं, डोकं गडद तांबडं, डोळे निळे. कपाळावर हात-दीड हाताचं एकच शिंग: बुडाशी पांढरं, मधे काळं, टोकाला लालभडक. त्या शिंगाच्या पेल्यातून पाणी प्यायलं की विष बाधत नाही. आणि ते जनावर इतकं पळतं की घोड्यालाही सापडत नाही.

आता हे सुटं करून बघा. एक शिंग, अंगात बेफाम ताकद, शिंगाच्या पेल्याने विष उतरतं ही समजूत: हा आपला गेंडा. वाऱ्यासारखं पळणारं, फिकट रंगाचं रानगाढव: कच्छच्या रणात आजही आहे, घुडखर म्हणतात. दोघांच्या गोष्टी एकाच माणसाच्या कानावर पडल्या आणि पुस्तकात एकाच जनावराच्या अंगावर चढल्या. पुढे रोमन लेखक प्लिनीने त्याच्या मोनोसेरॉसला (म्हणजे एकशिंगीला) घोड्याचं धड, हरणाचं डोकं, हत्तीचे पाय आणि डुकराची शेपटी दिली. हत्तीचे पाय आणि डुकराची शेपटी घोड्याला कुठून येणार? तिथे गेंडा सरळ दिसतो.

अमळनेरकरांचं 'सुटे भाग खरे' मला मान्य आहे. मी फक्त म्हणते की शिंगाचा भाग घोड्याच्या शेजारी कोणी ठेवला, ते सापडतं.

गिरणाकाठ

जुनी वीट, वा! पण मला त्या तीन रंगांनी पकडलंय. पांढरं, काळं, टोकाला लाल. हे कुठल्याही जनावराचं शिंग नाही, हे आपल्या पोळ्याचं शिंग आहे! आमचे आण्णा आदल्या दिवशी शिंगं तासून घ्यायचे, हिंगूळ लावायचे, मधे दुसऱ्या रंगाचा पट्टा, वर बेगड आणि टोकाला पितळी शेंब्या. पोरं रंगात हात बुडवून बसायची म्हणून पाठीत धपाटेही मिळायचे. क्टेसियसला कोणीतरी रंगवलेलं शिंग किंवा पेला दाखवला असेल, आणि याला वाटलं उगवतंच असं. (हा माझा अंदाज, फेकून मारू नका.)

भरीतभाकरी

म्हणजे युरोपच्या राजेरजवाड्यांनी हजार वर्षं ढालीवर मिरवला तो आपला पोळ्याचा सर्जा. पुरणपोळी खाऊन वर लाथही मारत असेल.

शंकासुर

मुद्रांचं काय झालं? सोयीस्कर विसरला.

जुनी वीट

विसरले नव्हते, उत्तरपत्रिका तपासत होते.

पहिला तर्क नेहमी असा देतात की तो दोन शिंगांचाच बैल आहे, बाजूने काढल्यामुळे एक शिंग दुसऱ्यामागे लपलं. मला हा तर्क पटत नाही. त्याच कारागिरांनी वशिंडाचा बैल बाजूनेच काढला आहे आणि त्याची दोन्ही शिंगं दाखवली आहेत. शिवाय हडप्पा, चन्हूदडो इथे या प्राण्याच्या मातीच्या छोट्या मूर्ती मिळाल्या आहेत. मूर्ती फिरवून बघता येते. शिंग एकच. म्हणजे त्यांना एकच म्हणायचं होतं, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने.

पण त्याच मुद्रांवर गेंडा वेगळा काढलाय, कातडीच्या घड्यांसकट हुबेहूब. म्हणजे गेंडा त्यांना माहीत होता आणि हा प्राणी म्हणजे गेंडा नव्हे. आणि त्या वस्त्यांच्या उकिरड्यांतून गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, रानडुकरं, हरणं यांची हाडं निघाली, पण असल्या एकशिंगी जनावराची कवटी नाही. इतक्या मुद्रांवरचा प्राणी एकदाही चुलीपाशी मेला नाही? माझ्या मते ते एखाद्या घराण्याचं किंवा व्यापारी गटाचं चिन्ह असावं. पुढ्यात नेहमी ते ठाणवईसारखं (दिव्याच्या खांबासारखं) काहीतरी ठेवलेलं असतं, त्यावरूनही तो गोठ्यातला कमी आणि देव्हाऱ्यातला जास्त वाटतो. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ नावाचा सिंहासारखा काल्पनिक पशू असतो, तो कुठल्या रानात होता?

आणि सिंधू संस्कृतीत घोडा होता की नाही, हा विषय इथे कोणी काढू नये. धाग्याला कुलूप लागेल.

जाता जाता: दायमाबादला, प्रवरेच्या काठी, १९७४ मध्ये जे चार ब्राँझचे नग मिळाले त्यांत एक गेंडा आहे, एक हत्ती, एक म्हैस आणि एक बैलांचा रथ. काळाबद्दल वाद आहे, पण महाराष्ट्रात एवढा मोठा ब्राँझचा गेंडा सापडला हे खरं. गुजरातेत लांघणजला तर मध्याश्मयुगीन थरात गेंड्याचं खांद्याचं हाडच मिळालं. म्हणजे गेंडा म्हटलं की आज काझीरंगा आठवतं, पूर्वी तो आपल्या बराच जवळ होता.

केळीबाग

गेंडा सोडा, शहामृगही होता! चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, पंचवीसेक हजार वर्षांपूर्वीचे. आम्ही शाळेची सहल तिथून पितळखोऱ्याला नेली होती तेव्हा सरांनी सांगितलं, आणि एकाने लगेच विचारलं, "सर, आम्लेट केवढं होत असंल?"

भरीतभाकरी

तो मीच असणार. कितवी तुकडी?

सातपुडी

आता रानातलं सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी, रावेरकडे मित्राच्या शेतावर हरभऱ्याची राखण करायला गेलो होतो. रोही (नीलगायी) त्रास देतात हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. पहाटे धुकं, साधारण साडेपाच. बांधावर एक जनावर उभं. करडं-निळं अंग, घोड्यासारखी छाती, मानेवर आयाळ, आणि डोक्यावर एक शिंग. एकच. मी शेजारच्याला उठवायला हात मारला, तोवर त्याने मान वळवली आणि दिसलं की दुसरं शिंग बुडातून मोडलंय. नर-नर झुंजतात तेव्हा होतं असं. पण ती दहा सेकंदं मी एकशिंगी घोडा पाहिला होता, काय वाटेल ते म्हणा. आणि त्याने मान वळवायच्या आत मी पळालो असतो तर आज तुम्हाला शपथेवर सांगितलं असतं.

म्हणून मला कुठला एकच 'मूळ प्राणी' शोधायची गरज वाटत नाही. मोडक्या शिंगाचं काळवीट, रोही, तिबेटचा चिरू (लांब, जवळजवळ सरळ शिंगं, बाजूने बघितलं की एकच) हे सगळे आपापल्या जागी थोडे थोडे एकशिंगी आहेत.

अवांतर: यावल अभयारण्यात चौसिंगा आहे. चार खरी शिंगं, दोन कानांजवळ आणि दोन बुटकी कपाळावर. भारत-नेपाळ सोडून जगात कुठेही नाही. आपल्याकडे खराखुरा चार शिंगांचा प्राणी असताना बाटल्यांवर मात्र एका शिंगाचा खोटा. एकाही पोरीच्या दप्तरावर चौसिंगा बघितलेला नाही.

मेहुणबारे ते मस्कत

सातपुडीभाऊंना +१. इथे ओमानमध्ये अरबी ओरिक्स आहे. पांढरंशुभ्र अंग, काळे पाय, दोन लांब सरळ शिंगं. रानातला शेवटचा १९७२ मध्ये मारला गेला आणि पिंजऱ्यात जगवलेल्यांची पैदास करून १९८२ पासून इथल्या वाळवंटात परत सोडले. कंपनीच्या कामाने आत गेलो असताना उन्हाच्या झळांत एक उभा दिसला. अगदी आडवा, बाजूने. देवाशपथ एकच शिंग. ॲरिस्टॉटलनेही ओरिक्सला एकशिंगीच म्हटलंय, तेव्हा मी एकटा फसलो नाही.

फोटो काढेपर्यंत त्याने तोंड वळवलं. फोटोत दोन आहेत.

(इथे वांगी मिळतात, पण भरिताची नाहीत. बामणोदकडचं कोणी येणार असेल तर निरोप द्या.)

भरीतभाकरी

आलात मूळ मुद्द्यावर. कापसाच्या काड्यांवर भाजलेलं, बडगीत ठेचलेलं, वर कांद्याची पात. त्याच्यासोबत कळण्याची भाकरी. युनिकॉर्न गेला उडत.

शहाद्याचा घोडेवाला

बडगीत ठेचेल भरीत खावाले कोनी बोलावंस का नुसतं लिखस?

ढोरडॉक्टर

म्हैस मोकळी झाली, वगारू ठणठणीत. आता लिहितो.

पहिली गोष्ट, एकशिंगी बैल आपल्याकडे दुर्मीळ मुळीच नाहीत. शिंगाचा कर्करोग भारतीय बैलांत बराच दिसतो. शिंग एका बाजूला कलतं, हलतं, नाकातून घाण येते, शेवटी शिंग बुडातून काढावं लागतं. माझ्या हाताने कितीतरी काढलीत. पण ते एकशिंगी बाजूचे, मधले नव्हेत.

मधल्या शिंगाबद्दल क्युव्हिए या मोठ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ठणकावून सांगितलं होतं की दुभंगलेल्या खुराच्या जनावराला कपाळाच्या मधोमध एक शिंग येणंच शक्य नाही, कारण कपाळाचं हाड मधे जोडलेलं असतं, जोडावर शिंग कसं उगवणार? शंभरेक वर्षं हे सगळ्यांना पटलं. मग १९३३ मध्ये अमेरिकेत मेन विद्यापीठातल्या फ्रँकलिन डव्ह यांनी एक दिवसाचं वासरू घेतलं. आता कोणी गोठेवाला असेल त्याला माहीत आहे: वासराचं शिंग लहानपणी कवटीला चिकटलेलं नसतं. कातडीत सुटं बी असतं, बोटाखाली सरकतं. म्हणूनच पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आपण तापल्या लोखंडाने ते जाळतो आणि मग शिंग येतच नाही. डव्ह यांनी ती दोन्ही बियं उचलली, त्यांच्या कडा छाटून एकमेकींना भिडवल्या आणि कपाळाच्या मधोमध बसवल्या. दोन्ही मिळून एक शिंग आलं, हाडाला घट्ट धरून, सरळ, जाडजूड. बैल मोठा झाल्यावर कुंपण उचलायला आणि कळपात दादागिरी करायला ते शिंग वापरायचा.

तेव्हा 'शक्य आहे का' याचं उत्तर: हो, पण सुरी चालवून. शिवाय तो बैल. घोड्याच्या कातडीत ते बीच नसतं.

शंकासुर

म्हणजे पूर्वी हे तंत्र माहीत असेल तर? मुद्रांवरचे प्राणी?

ढोरडॉक्टर

तंत्र सोपं आहे, असू शकतं. पण मग जुनी वीट यांच्या उकिरड्यात तशी एखादी कवटी दाखवा.

शंकासुर

ठीक. पण सायबेरियाचा एलास्मोथेरियम? साडेतीन टनांचा, कपाळावर प्रचंड शिंग असलेला गेंडा. माणसाने तो पाहिला होता. ते तरी मानाल?

जुनी वीट

पाहिला असेल, मानते. पूर्वी तो दोन लाख वर्षांपूर्वी संपला असं समजत. २०१८ च्या संशोधनात तो निदान ३९ हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता असं निघालं, म्हणजे आपल्या जातीच्या माणसांशी गाठ पडण्याइतका अलीकडे. मात्र त्याचं शिंग कोणाला मिळालेलं नाही, कवटीवरच्या मोठ्या टेंगळावरून अंदाज आहे. आणि माझी अडचण वेगळी: आजीच्या आजीचं नाव मला सांगता येत नाही, तिथे एखाद्या जनावराची आठवण पस्तीस हजार वर्षं तोंडोतोंडी टिकली हे कसं धरू? क्टेसियसच्या दरबारात जिवंत गेंड्याची बातमी नुसत्या व्यापारी तांड्याबरोबर पोचत होती. जवळचं सोडून एवढ्या लांब कशाला जायचं?

शंकासुर

विचार करतो. (हे मी या संस्थळावर पहिल्यांदा लिहितोय, नोंद घ्यावी.)

केळीबाग

धाग्यात एक राहिलंच: पैसा. आमच्या आजोबांनी एका यात्रेत 'कोल्ह्याचं शिंग' विकत घेतलं होतं. केसाळ गोंडा आणि त्यातून डोकावणारं नखाएवढं टोक. तिजोरीत ठेवलं की बरकत. त्या काळी एका बैलाच्या हप्त्याएवढे पैसे मोजले. आजोबा गेल्यावर काकांनी भिजवून उकललं, तर बकरीच्या कातड्याचा तुकडा गुंडाळलेला आणि आत बारीक हाड खोचलेलं. आजी म्हणाली, "पण त्या वर्षी कापूस चांगला आला होता."

युरोपात हेच राजांनी केलं. मध्ययुगात एकशिंगीचं शिंग म्हणून जे सोन्याच्या भावाने विकलं जायचं ते नारव्हाल या उत्तरेकडच्या समुद्रातल्या देवमाशाचा दात होता. शिंग नव्हे, दात, वरच्या जबड्याचा डावा, पीळ पडत ओठातून बाहेर येतो आणि तीन मीटरपर्यंत वाढतो. चित्रातल्या घोड्याच्या कपाळावर जे पीळदार शिंग असतं ते हेच. विष ओळखायला राजाच्या ताटाशी ठेवत, वैद्य पूड करून विकत. आंब्र्वाझ पारे या फ्रेंच राजवैद्याने १५८२ मध्ये हे औषध कुचकामी आहे असं लिहिलं तरी धंदा चालूच. १६३८ मध्ये डेन्मार्कच्या ओले वोर्मने दाखवून दिलं की हा नारव्हालचा दात आहे. आणि गंमत म्हणजे त्याच डेन्मार्कच्या राजाचं सिंहासन त्यानंतर, १६७१ मध्ये, त्याच दातांनी मढवून पुरं झालं.

भरीतभाकरी

त्या वर्षी तिकडेही कापूस चांगला आला असेल.

जुनी वीट

केळीबाग, सुरेख. आजीबाईंना नमस्कार.

तुमच्यावरून आठवलं. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाने, दुसऱ्या मुजफ्फरशहाने, पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा जहाजाने लिस्बनला पोचला. युरोपात कित्येक शतकांनी जिवंत गेंडा उतरत होता. जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररपर्यंत एक पत्र आणि कच्चं रेखाटन आलं. त्यावरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं, स्वतः गेंडा कधीच न बघता. कातडीच्या घड्यांचं चिलखत झालं, रिव्हेटसकट. आणि मानेमागे, पाठीवर, आणखी एक छोटं पीळदार शिंग उगवलं. ते कुठल्याच गेंड्याला नसतं. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपात गेंडा म्हणजे तेच चित्र.

याला हाताशी पत्र होतं, रेखाटन होतं, तरी शिंग वाढलं. क्टेसियसकडे तर फक्त बाजारगप्पा होत्या. मार्को पोलोला सुमात्रात खरे गेंडे दिसले तेव्हा बिचारा वैतागून लिहितो की हे एकशिंगी कुरूप आहेत, चिखलात लोळतात, आपण समजतो तसे मुळीच नाहीत. प्राणी समोर उभा होता आणि चूक प्राण्याची ठरली!

ढोरडॉक्टर

गिरणाकाठताई, तुमच्या भाचीचा मूळ प्रश्न मात्र सगळ्यांनी वाऱ्यावर सोडला. तिला हे सांगा: घोडा आणि गेंडा एकाच गणातले आहेत, विषमखुरी. घोड्याच्या पायाला एक खूर, गेंड्याला तीन बोटं. गाय-बैल-हरीण हे वेगळं घराणं. म्हणजे गेंडा हा घोड्याचा लांबचा चुलतभाऊ. त्याचं शिंगही बैलासारखं आत हाड असलेलं नसतं, आपल्या नखांचं-केसांचं जे द्रव्य त्याचंच ते घट्ट ढेकूळ. शिंगरूचं शिंग पडलंही नाही आणि यायचंही नाही, ते चुलत्याच्या वाट्याला गेलंय.

गिरणाकाठ

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार.   

काल फोनवर तिला सगळं सांगितलं. घोड्याचा चुलतभाऊ, एक शिंग, चिखलात लोळतो, पोळ्यासारखं शिंग रंगवलेलं असावं, कातडीला घड्या. गेंडा तिने प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पुस्तकातही बहुतेक नाही. आज सकाळी वहिनीने चित्राचा फोटो पाठवला. खाली मोठ्या अक्षरांत 'गेंडा'. अंग राखाडी, त्यावर साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या. शिंग पांढरं, काळं आणि टोकाला लाल, वर चक्क शेंबी. पाय घोड्याचे. मानेला गुलाबी आयाळ. आणि कान मारवाडी, आत वळलेले, टोकं भिडलेली.

भरीतभाकरी

बाजारात उतरवा. सारंगखेड्यात पहिल्याच दिवशी सौदा होईल.

शहाद्याचा घोडेवाला

कान बराबर काढेल शेतस. पोरगीले घोडानी पारख शे. पुढला साले तिले परत लई या, ते शिंगरू तोवर एक वरीसनं व्हयी.